उंचीचा रकाना

“आजकाल साड्या लांबच येऊन राहिल्या वं,” असं एखादी बाई म्हणाली की मी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघते. नोकरीत लागलेली खोड, निवृत्त झाल्यावरही गेलेली नाही. साड्या लांब येत नाहीत. साडीचा पन्हा होता तेवढाच आहे. बाईची उंची कमी झालेली असते. कमरेशी जास्त खोचूनही काठ जमिनीला घासतो आणि ती दुकानदाराला नावं ठेवत बसते. घरात चार माणसं असतील तर कुणीतरी थट्टेत म्हणतं, आई, तू बुटकी झालीस गं. एकटीच राहत असेल तर तिला कोण सांगणार?

नागपूरच्या धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात मी एकतीस वर्षं काम केलं. सुरुवातीला एक्स-रे काढायचे. पुढे हाडांची घनता मोजायचं मशीन आलं आणि मला त्या खोलीत बसवलं. सर्जननी खुबा बदलला की पेशंट पेढे घेऊन येतो. घनता मोजणारीला पेढा दिल्याचं मला आठवत नाही. डॉक्टरांवर लोक लेख लिहितात, माझ्यावर कोण लिहिणार, म्हणून माझं मीच लिहिते आहे.

काम सांगायला सोपं. माणूस टेबलावर उताणा निजतो, पाय एका ठोकळ्यावर ठेवतो आणि मशीनचा हात त्याच्या कमरेवरून, खुब्यावरून फिरतो. दुखत नाही, सुई नाही, किरणंसुद्धा साध्या एक्स-रेपेक्षा कमी. दहा-पंधरा मिनिटांत आकडा येतो. शून्य म्हणजे तरुण माणसासारखं हाड. उणे एकपर्यंत ठीक. त्याच्याखाली उणे अडीचपर्यंत हाड विरळ होऊ लागलेलं. उणे अडीच आणि त्याच्या खाली म्हणजे ठिसूळ. ठिसूळ हाड दुखत नाही, ही त्याची लबाडी. लोक येतात गुडघे दुखतात म्हणून, पण गुडघ्याची झीज हा वेगळा आजार. हाडातला चुना गुपचूप जातो. मग एक दिवस पाय घसरतो नि खुबा मोडतो, किंवा हात टेकवला जातो नि मनगट मोडतं. मणका तर पडायचीही वाट बघत नाही, पाण्याची बादली उचलली तरी दबतो.

मशीनपेक्षा माझा जीव कागदावर होता. मोजायच्या आधी एक तक्ता भरावा लागतो. वय, वजन, आताची उंची, तरुणपणची उंची, वर्षभरात पडलात का, हाड मोडलं होतं का, पाळी कधी गेली, स्टेरॉइडची औषधं घेता का. या शेवटच्या प्रश्नाला सगळे ठामपणे नाही म्हणतात. मी विचारायचे, “गुडघ्यासाठी पुड्या घेता का? बिननावाच्या?” मग चेहरे उजळायचे. “हाव, बाजाराच्या दिवशी एक बाबा देते. एका पुडीत गुण येते.” गुण येतो, कारण पुष्कळदा त्या पुडीत स्टेरॉइडच असतं, आणि ते वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाड पोखरतं. आमच्या विदर्भात या पुड्यांनी किती पाठी वाकवल्या असतील, सांगता येत नाही.

तरुणपणची उंची मात्र कुणालाच माहीत नसायची. अपवाद एक रिटायर हवालदार. भरतीच्या वेळी उंची मोजलेली, त्यामुळे पाच फूट आठ इंच हे त्यांना स्वतःच्या नावासारखं पाठ. मी मोजली तर पाच फूट सहा इंच भरली. “मॅडम, तुमची पट्टी खराब आहे,” असं म्हणून त्यांनी बाहेर बसलेल्या स्वतःच्या जावयाला आत बोलावून मोजायला लावलं. जावई बरोबर भरला. मग ते खुर्चीवर बसून बूट घालायला लागले. थोडी उंची वयानं सगळ्यांचीच जाते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चार सेंटिमीटरहून जास्त गेली तर मणके बघावेत. त्यांचे दोन दबले होते. औषध वेळेत सुरू झालं आणि पुढची सहा वर्षं ते मला दिवाळीला फोन करत राहिले.

माझी पहिली मोठी फजिती यवतमाळकडच्या एका शेतमजुरानं केली. माणूस पन्नाशीचा, मान वळत नव्हती, पाठ फळीसारखी ताठ. आकडा आला शून्याच्या कितीतरी वर. मी खुशीत म्हटलं, “दादा, तुमची हाडं लोखंडाची आहेत.” ते म्हणाले, “असतीन मॅडम. म्हणूनच वाकून नाही राहिली.” डॉक्टरांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला, पाणी कुठलं पिता? बोअरचं. त्या पाण्यात फ्लोराइड होतं. ते वर्षानुवर्षं हाडात साचतं, हाड जड होतं, हाडांना बांधणाऱ्या दोऱ्या दगडासारख्या होतात आणि वर ते हाड मोडायलाही सोपं. पाणी लवकर बदललं तर पुढचं नुकसान थांबतं, झालेलं परत येत नाही. डॉक्टर मला म्हणाले, “मशीन फक्त चुना किती ते सांगतं, हाड कसं आहे ते तू बघायचं.” तशीच दुसरी फसगत दबलेल्या मणक्याची. तेवढाच चुना कमी जागेत आलेला, त्यामुळे मोडका मणकाच मशीनला सगळ्यांत घट्ट दिसतो. तो ओळखून मोजणीतून वगळायचा आणि रिपोर्टात तसं लिहायचं, हा माझ्या कामाचा नियम. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. म्हणून पुढचं लिहायला लाज वाटते.

माझी मशीनची खोली थंड, बिनखिडकीची. बाहेर मे महिना पेटलेला असायचा आणि मी आत स्वेटर घालून बसायचे. पेशंटचे नातेवाईक बाहेर थांबायचे, आत एक पेशंट आणि मी. दिवसात मी सगळ्यांत जास्त वेळा म्हटलेलं वाक्य “हलू नका” हे असेल. मी लग्न केलं नाही. आई गेल्यावर घरीही तीच शांतता. सुट्टीच्या दिवशी भाजीवाल्याशी बोलायला तोंड उघडलं की माझा आवाज मलाच घोगरा वाटायचा. एकटं वाटतं असं मी तेव्हा कुणाजवळ म्हटलं नव्हतं. आता म्हणते.

सुमनकाकू आल्या त्या मुलाबरोबर. वय एकाहत्तर, हुडकेश्वरला स्वतःचं दोन खोल्यांचं घर. आधी सगळी हयात महालातल्या भाड्याच्या खोलीत गेलेली. नवऱ्यानं निवृत्तीनंतर नव्या वसाहतीच्या ले-आउटमध्ये प्लॉटवर घर बांधलं आणि दोन वर्षांत गेला. मुलगा प्रमोद हैदराबादला. बाहेरच्या बाकावर तो मला म्हणाला, “मॅडम, मी चार दिवसांसाठी आलो. रिपोर्ट चांगला निघाला तर ठीक. नाही तर आईले घेऊनच जातो. एकटीले ठेवायची रिस्क आता नाही घेऊ शकत.” मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते.

आत आल्यावर मी उंची घेतली. एकशे सेहेचाळीस. आधीची विचारली तर काकू म्हणाल्या, “मले काय मालूम? पण ओट्यावरची फळी गवंड्याकडून माह्या हाताच्या मापानं बसवून घेतली होती. आता हात पोचत नाही. स्टूल घ्या लागते.”

फळी सरकत नसते. माझ्या मनात हिशोब झाला, पाच-सहा सेंटिमीटर तरी गेलेत.

“स्टुलावरून पडलात का कधी?”

काकू टेबलावर निजलेल्या होत्या, छताकडे बघत. या टेबलावर माणसं खरं बोलतात, कारण मी त्यांच्या तोंडाकडे बघत नसते. “पडली ना. पोळ्याच्या दिवशी. तीन हप्ते पाठ धरून होती. पुड्या घेतल्या, मंग बरं वाटलं. पोराले नाही सांगितलं.” आणि मग उठून बसायला लागल्या. मी म्हटलं, हलू नका. “तू लिवू नोको वं,” त्या म्हणाल्या. “लिवशीन तं तो मले घेऊन जाईन. त्या घराची तराई मी केली हाय, बाई. महिनाभर दोन टाइम पाईप धरून भिंतीले पाणी मारलं. सत्तर वर्षांत पह्यल्यांदा माह्या दाराले माह्यं कुलूप लागलं.”

पडद्यावर कमरेचे चार मणके दिसत होते. चारांतला एक शेजाऱ्यांपेक्षा बुटका आणि जास्त पांढरा. पोळ्याला दबलेला तोच. तो धरून कमरेचा आकडा जवळजवळ चांगला येत होता. खुब्याचा उणे दोनच्या थोडा खाली, म्हणजे विरळ, पण ठिसूळ नाही. तो मणका वगळून तसं लिहिलं असतं तर डॉक्टरांनी लगेच औषध सुरू केलं असतं, कारण साध्या पडण्यानं मणका मोडलेला असला की मग आकडा काही असो, हाड ठिसूळच धरतात. पण मग मुलानं विचारलं असतं, आई कधी पडली?

मी मणका वगळला नाही. पडलात का, या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिलं. पुड्यांचं लिहिलं नाही. तरुणपणच्या उंचीचा रकाना रिकामा सोडला. एकतीस वर्षांत हे मी एकदाच केलं आणि पूर्ण शुद्धीत केलं. डॉक्टरांनी रिपोर्टवर नजर टाकली, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी दिलं, सकाळच्या उन्हात फिरा म्हणाले. प्रमोद निर्धास्त होऊन चौथ्या दिवशी गेला.

मी स्वतःची समजूत घातली की आपण लक्ष ठेवू. पुढच्या रविवारी स्कूटीवर हुडकेश्वरला गेले. त्या ले-आउटमध्ये अर्धे प्लॉट रिकामे, बांधलेल्या घरांपैकी निम्म्यांना कुलपं. काकू दारातच उभ्या होत्या. मी फळीवरचे सगळे डबे खाली ओट्यावर मांडले. स्टूल माळ्यावर टाकलं. न्हाणीत धरायला दांडी बसवून घेतली, पायपुसणी उचलली, पुड्यांचा डबा माझ्या पर्समध्ये घालून आणला. दूध, तीळ, शेवग्याचा पाला, उन्हात अर्धा तास खुर्ची, चपला रबरी तळाच्या. मला जे जे ठाऊक होतं ते सगळं केलं. एकच गोष्ट केली नाही, जी त्यांना खरोखर लागत होती. हाड भरून काढायचं औषध माझ्या हातात नव्हतं, ते रिपोर्टमधून यायचं होतं.

दर सोमवारी मनात यायचं, डॉक्टरांना सांगून टाकावं. सांगितलं नाही, त्याचं कारण हे. मला ते रविवार आवडायला लागले होते. काकू पाटवड्यांचा रस्सा करायच्या, तिखटानं माझं नाक वाहायचं आणि त्या हसायच्या. “काहून वं, नागपूरची असून एवढंसं तिखट नाही सोसवत तुले?” दुपारी आम्ही अंगणात बसायचो. त्या महालातल्या शेजारणींच्या गोष्टी सांगायच्या, मी आठवडाभरात कोणाकोणाचे मणके पाहिले ते सांगायचे. काकू हैदराबादला गेल्या असत्या तर माझे रविवारही गेले असते. पहिल्या दिवशी मी काकूंसाठी खोटं लिहिलं, हे खरं. पण त्यानंतर ते तसंच राहू दिलं ते माझ्यासाठी.

असे आठ महिने गेले. एका बुधवारी सकाळी साताला काकू अंगणातल्या कढीलिंबाला पाणी घालून वळल्या आणि ओल्या फरशीवर पाय घसरला. डावा खुबा मोडला. फोन आत. हाका मारल्या, पण आजूबाजूला कुलपं. दुपारी तीनला शेजारच्या प्लॉटवर वाळू टाकायला आलेल्या कामकरी बाईला कण्हणं ऐकू आलं. आठ तास काकू वैशाखातल्या तापल्या फरशीवर पडून होत्या. त्यांना आमच्याच हॉस्पिटलात आणलं. एक्स-रेच्या खोलीतल्या मुलीनं मला फोटो दाखवला तेव्हा मी आधी हाड पाहिलं, मग नाव वाचलं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. प्रमोद विमानानं आला. संध्याकाळी वॉर्डात गेले तर तो काकूंच्या पलंगाशी माझा तो जुना रिपोर्ट घेऊन उभा होता. “मॅडम, आठ महिन्यांपूर्वी तर सगळं ठीक होतं ना? हे पाहा, ‘पडल्या नाहीत’ असंच लिहिलंय. मग एकदम हाड कसं मोडलं?”

मशीनच्या मागे लपणं फार सोपं होतं. मशीन चुकतं कधीकधी, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. काकू माझ्याकडे बघत होत्या, मान अगदी थोडी हलवून नको नको म्हणत होत्या.

मी सांगितलं. “त्या आधी पडल्या होत्या. मणका तेव्हाच दबला होता. मला त्यांनी सांगितलं होतं, मला दिसतही होतं. मी लिहिलं नाही.”

प्रमोदनं हातातल्या रिपोर्टची घडी घातली. मग म्हणाला, “मले एक फोन तरी करायचा होता, मॅडम.” आवाज चढवला नाही, त्यानं चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. काकूंनी तोंड भिंतीकडे केलं. मी दोनदा हाक मारली. त्या वळल्या नाहीत.

डॉक्टरांनाही मी त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी रिपोर्ट दुरुस्त करून फाईलला लावायला सांगितला, तक्रार केली नाही. पण त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत माझ्या रिपोर्टवर सही करताना ते विचारायचे, “सगळं लिहिलंय ना?” दर वेळी. ते बरोबरच होतं. पेशंटनं मला काहीही गळ घालू दे, मी त्यानंतर एकही रकाना रिकामा सोडला नाही, आणि पेशंट मला खडूस म्हणायला लागले. महिन्याभरानं प्रमोद काकूंना घेऊन गेला. पुढे हुडकेश्वरचं घर विकल्याचं कळलं. मी त्या बाजूला जात नाही.

यंदा उन्हाळ्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. काकूंना हैदराबादला नेल्याला दोन वर्षं होत आली होती.

“मी सुमन बोलून राहिली.”

 पलंगावर बसून मी विचारलं तेही धंद्यातलंच, “हाडं कशी आहेत, काकू?”

“मस्त हायेत. वर्षातून एकडाव सलाईनमधून औषध देतात. मशीनवर पुन्हा निजवलं होतं, आकडा सुधरला म्हणे. वॉकर सुटला. सून दूध देते, गॅलरीत उन्हात खुर्ची मांडून देते. काही कमी नाही, खोटं काहून बोलू. दहावा माळा हाय. चप्पल घालाचं काम पडत नाही. पोरं आपसात इंग्रजी बोलतात, कामवाली बाई तेलुगू बोलते. माह्यासंगं बोलाले कोणी नाही वं.”

मला म्हणायचं होतं की काकू, इथेही नाही. त्याऐवजी मी म्हटलं, “मी तेव्हा लिहायला हवं होतं. खुबा वाचला असता तुमचा. माझं चुकलं.”

 त्यांच्या मागे टीव्ही चालू होता, कुठल्या भाषेत ते मला कळलं नाही.

“एक सांग मले,” त्या म्हणाल्या. “तू तवाच खरं लिवलं असतं, तं प्रमोद मले तवाच इथं घेऊन आला असता ना?”

“हो. चौथ्या दिवशी.”

“मंग ते आठ महिने तं माह्ये झाले,” काकू म्हणाल्या. “तू आता रडू नोको.”